न्यूरल रेकॉर्डिंगचा डेटा पहिल्यांदा हातात आला की सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालं, प्रोग्रॅमिंगशी कधी संबंध आला नाही आणि मेंदूविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून रुजू होताच एक भलीमोठी हार्ड डिस्क हातात पडली. उंदराच्या दृश्य कॉर्टेक्समधून न्यूरोपिक्सल्स प्रोबने, म्हणजे शेकडो इलेक्ट्रोड असलेल्या सिलिकॉनच्या पात्याने, केलेली रेकॉर्डिंग्ज त्यात आहेत. सर म्हणाले, ‘आता अ‍ॅनालिसिसला लाग.’ पायथन शिकायचं की मॅटलॅब, कोर्स कुठला करायचा आणि एवढा डेटा सांभाळायचा कसा?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. पायथन शिका. कोर्स सध्या बाजूला ठेवा. डिस्कवरचं एकच रेकॉर्डिंग निवडा आणि कच्च्या फाइलपासून एका न्यूरॉनच्या एका आलेखापर्यंतचा सगळा रस्ता एकदा स्वतःच्या हाताने पार करा. लूप, फंक्शन, अ‍ॅरे वाटेत लागतील तसे शिकता येतात आणि असे शिकलेले विसरत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या पगाराची यादी लावायला शिकवणारे कोर्स जीवशास्त्राकडून आलेली बरीच मुलं अर्ध्यात सोडतात, कारण त्यांना त्या यादीचं काही पडलेलं नसतं. तुमच्याकडे खऱ्या मेंदूतून आलेला डेटा आहे, मग त्यावरच शिका. या पूर्ण प्रवासात एक कसोटी धरा: पडद्यावर दिसणारा कुठलाही आकडा किती मायक्रोव्होल्टचा, कुठल्या चॅनेलचा आणि कुठल्या घड्याळाप्रमाणे कितव्या क्षणाचा, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. जिथे सांगता येणार नाही, तिथून पुढे जाऊ नका.

मॅटलॅबबद्दल दोन शब्द. काही वर्षांपूर्वी मी मॅटलॅबच सांगितलं असतं. स्पाइक सॉर्टिंगसाठी, म्हणजे कुठला स्पाइक (न्यूरॉनचा क्षणिक विद्युत संदेश) कुठल्या न्यूरॉनचा हे वेगळं करण्यासाठी, बहुतेक जण वापरतात त्या किलोसॉर्टच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मॅटलॅबमध्ये होत्या, २०२४ साली आलेली चौथी आवृत्ती मात्र पायथनमध्ये आहे. वेगवेगळे सॉर्टर चालवणारं स्पाइकइंटरफेस, एनडब्ल्यूबी या डेटा-स्वरूपाची साधनं, नवे शिकवणीचे नोटबुक, सगळ्यांचा ओढा तिकडेच आहे, आणि परवान्याचा खर्च नाही. तरी प्रयोगशाळेतला जुना कोड वाचण्यापुरतं मॅटलॅब यावंच लागेल. तिथे दोन ठिकाणी सावध राहा. मॅटलॅब मोजायला १ पासून सुरुवात करतं, पायथन ० पासून. न्यूरोपिक्सल्स १.० मध्ये एक चॅनेल प्रोबच्या आतल्या रेफरन्सचा असतो, तो वगळायचा असतो. पायथनमध्ये त्याचा नंबर १९१, मॅटलॅबमध्ये १९२. जुन्या स्क्रिप्टमधला १९२ तसाच उचलून पायथनमध्ये टाकला, तर चांगला चॅनेल फेकला जातो आणि निकामी चॅनेल आत राहतो. कुठलीही एरर येत नाही. दुसरं, मॅटलॅबची ७.३ आवृत्तीची मॅट फाइल सायपाय या पायथन लायब्ररीच्या लोडमॅटने उघडत नाही. आतून ती एचडीएफ५ या स्वरूपाची असते, म्हणून ते वाचणारी एचफाइव्हपाय लायब्ररी वापरा, आणि उघडल्यावर रांगा व स्तंभ उलटे दिसले तर घाबरू नका, दोन्हीकडची मांडणीच तशी आहे.

आता कच्च्या फाइलकडे. न्यूरोपिक्सल्स प्रोबचा पहिला शोधनिबंध ‘नेचर’मध्ये २०१७ साली आला. साधारण १ सेंटिमीटर लांब सिलिकॉनच्या पात्यावर ९६० इलेक्ट्रोड, त्यातले एका वेळी ३८४ निवडून रेकॉर्ड करायचे. स्पाइकसाठीचा संकेत सेकंदाला ३०,००० वेळा मोजला जातो, संथ लहरींचा, म्हणजे एलएफपीचा, २,५०० वेळा. स्पाइकजीएलएक्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलं असेल तर फाइलमध्ये ३८५ स्तंभ असतात, ३८४ मेंदूचे आणि शेवटचा सिंक पल्सचा, म्हणजे यंत्रांची घड्याळं जुळवायच्या खुणेचा. प्रत्येक आकडा २ बाइटचा पूर्णांक. आता स्वतः गुणाकार करा: ३८५ गुणिले ३०,००० गुणिले २, म्हणजे सेकंदाला २३.१ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ८३ गिगाबाइट. हा फक्त एका प्रोबचा स्पाइकचा डेटा. १६ गिगाबाइट रॅमच्या मशीनवर ही फाइल नेहमीच्या पद्धतीने उघडायला गेलात तर मशीन बसलंच.

म्हणून पहिलं फंक्शन शिकायचं ते नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं मेममॅप. ते फाइल रॅममध्ये ओढत नाही. फाइल डिस्कवरच राहते आणि तुम्ही मागाल तेवढाच तुकडा वर येतो. फाइल १६ बिटी पूर्णांक म्हणून, फक्त वाचण्यापुरती उघडा, तिला ३८५ स्तंभांचा आकार द्या आणि मधल्या कुठल्यातरी एका सेकंदाच्या ३०,००० रांगा मागा. उघडण्याआधी फाइलच्या एकूण बाइटना ७७० ने भागून पाहा. ३८५ स्तंभ प्रत्येकी २ बाइट म्हणजे एका क्षणाचे ७७० बाइट, तेव्हा भाग पूर्ण गेला पाहिजे. बाकी उरली तर एकतर चॅनेलची संख्या चुकलेली आहे किंवा फाइल अर्धवट कॉपी झाली आहे. हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो. स्तंभांची संख्या चुकली तर प्रत्येक चॅनेल दुसऱ्यात मिसळतो आणि पुढचं सगळं निरर्थक होतं.

मिळालेले आकडे अजून व्होल्ट नाहीत, ते व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या पायऱ्या आहेत. न्यूरोपिक्सल्स १.० चा कन्व्हर्टर १० बिटांचा, म्हणजे १,०२४ पायऱ्या, पल्ला उणे ०.६ ते अधिक ०.६ व्होल्ट. स्पाइकच्या संकेताचा गेन (संकेत किती पट मोठा केला ते) नेहमीचा ५०० असेल तर एक पायरी १.२ भागिले १,०२४ भागिले ५००, म्हणजे सुमारे २.३४ मायक्रोव्होल्टची. गेन मेटा फाइलमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगची माहिती ठेवणाऱ्या सोबतच्या फाइलमध्ये, लिहिलेला असतो. तिथूनच वाचा, कारण कोणीतरी मधेच तो बदललेला असू शकतो. गुणण्याआधी मात्र आकडे दशांशात, फ्लोट३२ मध्ये, बदलून घ्या. १६ बिटांच्या पूर्णांकात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. २०० चा वर्ग ४०,००० यायला हवा, पण अ‍ॅरे तसाच पूर्णांकात ठेवून वर्ग केला तर नम्पाय उणे २५,५३६ देतं आणि हूं की चूं करत नाही. संकेताची पॉवर ऋण आलेली दिसली की आधी हेच तपासा.

मग तो एक सेकंद बघा. आधी एका चॅनेलची रेघ. मग ३८४ चॅनेल उभे आणि वेळ आडवी, असं रंगांचं चित्र. हे चित्र बघायला मी भरपूर वेळ देतो आणि तुम्हीही द्या. एखादा चॅनेल सपाट असेल, तो मेलेला. एखादा बाकीच्यांच्या कितीतरी पट गोंगाट करत असेल. सगळ्या चॅनेलवर एकाच क्षणी उभी रेघ उमटली तर ती मेंदूची नव्हे. उंदराने हालचाल केली असेल, चाटलं असेल किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला असेल. एका उंचीवरून वर चित्र अचानक शांत झालं, तर ते चॅनेल बहुधा मेंदूच्या बाहेर आहेत. एलएफपीत ५० हर्ट्झची गुणगुण दिसली तर ती आपल्या घरच्या विजेची, आणि तिचे पडसाद १०० आणि १५० वरही मिळतात. अमेरिकेतला डेटा उघडलात तर तीच गुणगुण ६० वर असेल, त्यामुळे ठरावीक वारंवारता काढून टाकणाऱ्या नॉच फिल्टरचा आकडा डोळे झाकून उचलू नका. त्यानंतर ३०० हर्ट्झच्या वरचा भाग ठेवा, प्रत्येक क्षणी सगळ्या चांगल्या चॅनेलचा मध्यक वजा करा आणि पुन्हा तेच चित्र काढा. उभ्या रेघा बहुतांशी जातील आणि मधूनमधून, शेजारच्या पाच-दहा चॅनेलवर एकदमच, मिलिसेकंदभर टिकणारे छोटे खड्डे दिसू लागतील. ते स्पाइक. एका न्यूरॉनने पाठवलेला संदेश तुम्ही स्वतः उघडलेल्या फाइलमध्ये पाहिलात. मला आजही नवीन रेकॉर्डिंगमध्ये तो पहिला खड्डा दिसला की बरं वाटतं.

डेटा सांभाळण्याचा भाग आता उरकतो, कारण त्यात अक्कल कमी आणि शिस्त जास्त लागते. कच्च्या फाइलींची परवानगी बदलून त्या फक्त वाचण्याजोग्या करा. कच्चा डेटा, त्यातून काढलेला डेटा आणि कोड यांचे फोल्डर वेगळे. काढलेल्या डेटाचा फोल्डर उडाला तरी कोड पुन्हा चालवून तो तसाच्या तसा उभा राहिला पाहिजे. कच्च्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. कच्च्या डेटाच्या बिन फाइलशेजारी असलेली मेटा फाइल कधीही वेगळी करू नका. ती हरवली तर सातबारा नसलेल्या जमिनीसारखी गत होते: समोर दिसते सगळी, पण किती, कशी, कोणाची, काही सिद्ध करता येत नाही. तिच्यात फाइलचा आकार आणि एसएचए-१ ही खूणसंख्याही असते. कॉपी केल्यावर ती जुळवून पाहा, विशेषतः कॉपी चालू असताना वीज गेली असेल तर. सेशनचं नाव प्राण्याच्या खुणेने सुरू करा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. नुसतं ३-१२ असं नाव एक्सेलमध्ये टाकलंत तर ते त्याची तारीख करून टाकतं. सगळ्या सेशनची एकच तक्ता-फाइल ठेवा: प्राणी, तारीख, प्रोब किती खोल गेला, कुठून गेला, कुठले चॅनेल वाईट, त्या दिवशी काय वेगळं घडलं. वहीतली पेनने लिहिलेली ओळ तिथे आली नाही तर लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर ती कोणालाच सापडत नाही. कोडच्या आवृत्त्या जपण्यासाठी गिट शिका, डेटा मात्र गिटमध्ये टाकू नका. प्रत्येक प्रकल्पाला कोंडाचं वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्ररींचा वेगळा संच, करा. ज्युपिटर नोटबुकमध्ये खालचा कप्पा आधी आणि वरचा नंतर चालवण्याची सवय लागते. दिवस संपताना नोटबुक रिस्टार्ट करून वरून खालपर्यंत एकदा चालवा. चाललं नाही तर आजचा आलेख अजून तुमच्या हातात नाही, असं समजा.

प्रकल्प संपत आला की, किंवा त्याहून बरं म्हणजे सुरू असतानाच, डेटा एनडब्ल्यूबी स्वरूपात बांधायला शिका. न्यूरोडेटा विदाउट बॉर्डर्स हे त्याचं पूर्ण नाव. स्पाइक, स्टिम्युलस, प्राण्याचं वर्तन, प्रोबची माहिती असं सगळं एका एचडीएफ५ फाइलमध्ये ठरलेल्या जागी बसतं आणि दुसऱ्या देशातला माणूस तुम्हाला न विचारता ते वाचू शकतो.

यानंतरचा विषय घड्याळांचा. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि कोर्समध्ये यावर जवळजवळ कोणी बोलत नाही, म्हणून मी इथे जरा थांबतो. तुमच्या प्रयोगात किमान तीन घड्याळं आहेत. प्रोबचं एक, पडद्यावर पट्टे दाखवणाऱ्या कॉम्प्युटरचं दुसरं, आणि उंदराने फिरवायचं चाक, पाणी व फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) रेकॉर्ड करणाऱ्या कार्डचं तिसरं. कुठलीही दोन घड्याळं एका वेगाने चालत नाहीत. दोघांत दहा लाखात २० भागांचा फरक असेल, आणि स्वस्त क्रिस्टलमध्ये तो सहज असतो, तर तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. उंदराच्या प्राथमिक दृश्य कॉर्टेक्सला पडद्यावरचं चित्र पोचायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेशनच्या शेवटी तुमचा न्यूरॉन चित्र येण्याआधीच उत्तर देतोय, असं दिसू शकतं. त्यात प्रोबचा वेग बरोबर ३०,००० नसतोच. मोजून काढलेला खरा वेग, समजा ३०,०००.३, मेटा फाइलमध्ये असतो. कोडमध्ये ३०,००० ठोकून दिलंत तर तासाला ३६ मिलिसेकंद तिथेच गेले.

उपाय सोपा आहे, फक्त तो दरवेळी करावा लागतो. सगळ्या यंत्रांना एकच चौकोनी पल्स दिलेला असतो, बहुधा सेकंदाला एक. स्पाइकजीएलएक्सच्या फाइलमध्ये तो ३८५ व्या स्तंभात, बिट क्रमांक ६ मध्ये असतो. म्हणून त्या स्तंभाचे आकडे ० आणि ६४ असे उड्या मारताना दिसतात. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा. जिथे अधिक ६४ आलं ती चढती कड. तीच कड दुसऱ्या यंत्राच्या फाइलमध्ये शोधा. दोन्हीकडच्या कडांची संख्या आधी मोजा. एकीकडे ३,६०० आणि दुसरीकडे ३,५९८ असतील तर कुठल्या दोन गळल्या ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग एकाच्या वेळा आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या मांडून त्यातून सरळ रेष काढा. रेष नेहमीच सुरेख दिसते आणि तिथेच फसगत होते. बघायचं असतं ते रेषेपासून उरलेलं अंतर. त्या अंतराचा वेगळा आलेख काढा. तो मिलिसेकंदाच्या बराच आत, शून्याभोवती राहिला पाहिजे. मधेच पायरी दिसली तर एखादी कड सुटलेली आहे. बाक दिसला तर घड्याळाचा वेग तापमानाबरोबर बदललाय, अशा वेळी एक सरळ रेष न वापरता लागोपाठच्या कडांमध्ये तुकड्यातुकड्याने इंटरपोलेशन करा. स्टिम्युलसची वेळ तो दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या लॉगमधून घेऊ नका. ‘दाखव’ म्हटलेला क्षण आणि पडदा उजळलेला क्षण यांत ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक-दोन फ्रेमचा, म्हणजे १७ ते ३३ मिलिसेकंदांचा फरक नेहमीचा. पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवलेला फोटोडायोड सांगेल तीच वेळ खरी. डिस्कवर फोटोडायोडचा चॅनेल आहे की नाही, हे उद्याच सरांना विचारा. पुढचे कितीतरी निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

आता स्पाइक सॉर्टिंग. शेजारशेजारच्या चॅनेलवरचे खड्डे बघून कुठला स्पाइक कुठल्या न्यूरॉनचा, हे वेगळं करणं म्हणजे सॉर्टिंग. किलोसॉर्ट ४ चालवायला एनव्हिडियाचं जीपीयू कार्ड असलेलं मशीन लागेल, नाहीतर वेळ फार जातो. निकाल मुख्यतः दोन लांब याद्यांचा: स्पाइक कधी आला आणि तो कुठल्या क्लस्टरचा, म्हणजे एकसारख्या स्पाइकच्या कुठल्या गटाचा. पहिल्या यादीतले आकडे सेकंद नाहीत, सॅम्पल क्रमांक आहेत. त्यांना मेटा फाइलमधल्या खऱ्या वेगाने भागायचं, मग वर काढलेल्या घड्याळाच्या जुळणीतून न्यायचं.

सॉर्टरने ‘चांगला’ शिक्का मारलेला प्रत्येक क्लस्टर म्हणजे एक न्यूरॉन, असं मानू नका. स्पाइकइंटरफेसच्या २०२० च्या शोधनिबंधात एकाच रेकॉर्डिंगवर वेगवेगळे सॉर्टर चालवले, तेव्हा सगळ्यांना सापडलेले न्यूरॉन थोडेच निघाले. त्यामुळे फाय नावाच्या प्रोग्रॅममध्ये बसून क्लस्टर डोळ्यांनी बघायला शिका. सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या जुन्या माणसाशेजारी बसून एक पूर्ण सेशन बघा. तेवढ्याने जे कळतं ते वाचून कळत नाही. ऑटोकोरिलोग्राममध्ये, म्हणजे एकाच क्लस्टरच्या स्पाइकमधल्या अंतरांच्या आलेखात, शून्याच्या आजूबाजूला दीड-दोन मिलिसेकंदांची रिकामी फट दिसली पाहिजे, कारण न्यूरॉन इतक्या लवकर दुसऱ्यांदा स्पाइक देऊ शकत नाही. फट भरलेली असेल तर त्यात दुसऱ्या कोणाचे स्पाइक मिसळलेत. स्पाइकची उंची सेशनभर कशी बदलते तेही बघा. मेंदू प्रोबवर हळूहळू सरकतो, आणि उंची उतरत उतरत उंबरठ्याला टेकली तर पुढचे स्पाइक मोजलेच जात नाहीत. तुम्हाला वाटेल न्यूरॉन शांत झाला.

जीवशास्त्राचं शिक्षण इथे कामाला येतं. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातले पिरॅमिडल न्यूरॉन कधीकधी झपाट्याने पाठोपाठ स्पाइक देतात आणि त्या झुबक्यात पुढच्या स्पाइकची उंची कमी होत जाते. सॉर्टर त्यांचे दोन न्यूरॉन करून टाकतो. सेरेबेलममध्ये पर्किंजी पेशीचे साधे स्पाइक आणि कॉम्प्लेक्स स्पाइक आकाराने इतके वेगळे असतात की ते जवळजवळ नेहमीच दोन क्लस्टरमध्ये जातात. कॉम्प्लेक्स स्पाइकनंतर साधे स्पाइक क्षणभर थांबतात, ही खूण क्रॉस-कोरिलोग्राममध्ये (दोन क्लस्टरच्या स्पाइकमधल्या अंतरांच्या आलेखात) दिसली की दोन्ही एकाच पेशीचे, हे ओळखता येतं. नुसतं प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला हे दिसणार नाही, तुम्हाला दिसेल. प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

एक चांगला क्लस्टर निवडा आणि पहिला आलेख काढा. प्रत्येक स्टिम्युलसच्या आधी २०० मिलिसेकंद ते नंतर ५०० मिलिसेकंद इतक्या खिडकीतले स्पाइक घ्या. वर प्रत्येक ट्रायलची, म्हणजे स्टिम्युलस एकदा दाखवण्याची, एक रांग आणि स्पाइकच्या जागी ठिपका, म्हणजे रास्टर. खाली १० मिलिसेकंदांच्या खणांत मोजणी, तिला ट्रायलच्या संख्येने आणि खणाच्या रुंदीने भागून सेकंदाला किती स्पाइक, म्हणजे पीएसटीएच. हे तयार लायब्ररी न वापरता स्वतः लिहा, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. लिहिताना नम्पायचं सर्चसॉर्टेड शिका. लाखो स्पाइकमधून खिडकीतले स्पाइक ते क्षणात शोधतं. आलेख गुळगुळीत करताना एक लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंना पसरणारा गॉसियन फिल्टर प्रतिसाद मागेही सरकवतो, म्हणून शून्याच्या आधीच रेघ चढलेली दिसते. पुढे-मागे दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या फिल्टफिल्टचंही तेच. न्यूरॉन किती मिलिसेकंदांनी जागा झाला, हे मोजायचं असेल तर गुळगुळीत न केलेल्या मोजणीवर मोजा.

आपला कोड बरोबर आहे हे कसं ओळखायचं? खोटा डेटा बनवून. कॉम्प्युटरला सांगा, सेकंदाला ५ या दराने रँडम, म्हणजे पॉयसाँ पद्धतीचे स्पाइक तयार कर आणि प्रत्येक स्टिम्युलसनंतर ५० ते १०० मिलिसेकंदांत दर ४० कर. तो डेटा तुमच्या कोडमधून काढा. पीएसटीएचमध्ये आधी ५, मग नेमक्या जागी ४० आले पाहिजेत. ५० च्या जागी ४० मिलिसेकंदांवरच चढ दिसली, तर खणाच्या कडा चुकल्यात. हल्ली एआयकडून कोड लिहून घेतला जातो, घ्यायला हरकत नाही, मीही घेतो. पण तो कोडही याच चाचणीतून जाऊ द्या. एआयने दिलेला कोड बहुतेक वेळा चालतो. बरोबर आहे का, ते खोटा डेटाच सांगतो.

संख्याशास्त्राबद्दल लिहायला बसलो तर संपणार नाही, म्हणून तीनच गोष्टी, ज्या मी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या पोस्टरवर बघतो. दोन उंदरांतले ३०० न्यूरॉन म्हणजे ३०० स्वतंत्र नमुने नव्हेत. एका उंदराचे न्यूरॉन एकमेकांसारखे वागतात, आणि त्या दिवशी तो उंदीर झोपाळलेला असेल तर सगळेच झोपाळलेले. प्राण्यांची पातळी धरणारं मिक्स्ड मॉडेल शिका किंवा निदान प्रत्येक उंदराचा निकाल वेगळा दाखवा. आणि ३०० न्यूरॉनवर ५ टक्क्यांची चाचणी लावली की काहीही नसताना १५ न्यूरॉन ‘महत्त्वाचे’ निघतात, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, ज्या ट्रायलवरून प्रतिसाद देणारे न्यूरॉन निवडले त्याच ट्रायलवर त्यांचा सरासरी प्रतिसाद दाखवू नका. निव्वळ गोंगाटातूनही असा सुंदर उंचवटा निघतो. निकोलाउस क्रीगेसकोर्टे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये या चक्राकार विश्लेषणावर लिहिलं, तरी ते अजून थांबलेलं नाही. विषम ट्रायलवर निवडा, सम ट्रायलवर दाखवा. वरच्या खोट्या डेटात प्रतिसाद अजिबात न घालता हा प्रयोग करून बघा, एका संध्याकाळी पटेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. तहानलेला उंदीर सेशनच्या सुरुवातीला झपाट्याने काम करतो, पाणी पिऊन पोट भरलं की मंदावतो. त्याच तासात मेंदू प्रोबवर सरकत असतो, म्हणून न्यूरॉनचा मोजलेला दरही हळूहळू वर किंवा खाली जातो. हळू बदलणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टींचा परस्परसंबंध काढला तर तो मोठा येतो आणि पी-मूल्य शून्याच्या जवळ. जॉर्ज उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच अशा अर्थहीन परस्परसंबंधांवर लिहिलं होतं. ट्रायल नुसत्या पिसून हा दोष सापडत नाही, कारण पिसल्यावर तो हळू बदलच मोडतो आणि तुमचा खरा आकडा उगाच मोठा दिसतो. न्यूरॉन आजचा ठेवा आणि वर्तन दुसऱ्या दिवसाच्या सेशनमधून घ्या, अशा बऱ्याच जोड्या करा. त्यातही तितकाच संबंध निघाला तर तुमच्या निष्कर्षात काही उरत नाही.

प्रयोगशाळेचा डेटा उघडायला अजून परवानगी नसेल, किंवा जीपीयूचं मशीन दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर थांबून राहू नका. निकोलस स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा खुला डेटा घ्या: १० उंदीर, ३९ सेशन, मेंदूच्या ४२ भागांतले सुमारे ३०,००० न्यूरॉन. उंदीर डाव्या-उजव्या पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट बघून चाक फिरवतो. न्यूरोमॅच अकॅडमी या ऑनलाइन शिकवणीने २०२० पासून शिकवणीसाठी याच डेटाची हलकी आवृत्ती ठेवली आहे, १० मिलिसेकंदांच्या खणांत मोजणी केलेली, प्रत्येक ट्रायलचे २५० खण, आणि स्टिम्युलस सुरुवातीनंतर ५०० मिलिसेकंदांनी. गूगल कोलॅबवर साध्या लॅपटॉपनेही ती चालते, आणि त्यांचं बाकीचं साहित्यही फुकट आहे. दृश्य कॉर्टेक्सचे न्यूरॉन निवडून कॉन्ट्रास्टप्रमाणे पीएसटीएच काढा. पूर्ण एनडब्ल्यूबी फाइली बघायच्या तर डँडी अर्काइव्ह या मेंदूविज्ञानाच्या खुल्या डेटासंग्रहावर जा. तिथली मोठी फाइल पूर्ण डाउनलोड न करता हवा तेवढा भाग ओढून वाचता येतो.

आणि अडलात की विचारा, प्रयोगशाळेत, त्या-त्या साधनाच्या गिटहबवर किंवा मला. विचारताना एवढं सोबत द्या: मेटा फाइल, कच्च्या संकेताच्या एका सेकंदाचं ते रंगांचं चित्र, घड्याळाच्या रेषेपासून उरलेल्या अंतराचा आलेख आणि एरर देणारा कोडचा सगळ्यात छोटा तुकडा, एन्व्हायर्नमेंटमधल्या आवृत्त्यांच्या यादीसकट. या चार गोष्टी जमवतानाच बऱ्याच वेळा चूक सापडते. नाही सापडली, तर समोरच्याला तुमच्या डिस्कला हात न लावता तुमच्याबरोबर विचार करता येतो.